पाण्याचं विचारलं नाही

दुपारचे बारा वाजले हे आमच्या घरात घड्याळ सांगत नसे, भांडी सांगत. डोंगरापलीकडे खाणीवर सुरुंग उडाला की फळीवरची पितळी ताटं एकमेकांवर आपटायची, जनेलाची झडप थरथरायची आणि आई चुलीपुढून म्हणायची, "जेवूक बसा, सायब शिंकलो." आम्ही बसायचो. सकाळी दहाला पेज, तिच्याबरोबर खारातलं आंबाडं किंवा विस्तवावर भाजलेला सुका बांगडा. दुपारी भात आणि कुळथाचं सार. पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंपू वाजला आणि आईच्या मनात असलं तर एखादा उंडो, गोल पाव. उपाशी कोणी नव्हतं. लोक आता त्या दिवसांबद्दल गोड गोड बोलतात, मी बोलणार नाही. कामाने कंबर मोडायची आणि पुरुष ऐकत नसत. पण पाणी होतं, एवढं खरं.

डिचोलीपासून आमचा वाडा तासाभराच्या वाटेवर. घर डोंगराच्या उतारावर, घराखाली झर. जांभ्या दगडाच्या फटीतून मनगटाएवढी धार बाहेर यायची, खालच्या दगडी दोणीत पडायची आणि तिथून पाटाने सुपारीच्या कुळागरात आणि कुळागरातून नदीकडच्या शेतात जायची. त्या पाण्यावर आमची वायंगण व्हायची, म्हणजे पाऊस संपल्यावर घेतात ते भाताचं दुसरं पीक. एप्रिलात हात घातला तर हाडं दुखतील इतकं ते थंड असे. आवाज रात्रंदिवस. इतका सवयीचा की तो आवाज आहे हे मला पुढे तो थांबल्यावर कळलं.

पाणी आणायचं काम माझं. सकाळी पाच कळश्या, संध्याकाळी तीन. उतरताना रिकामी, चढताना भरलेली, म्हणजे सगळंच उलट. चौथीनंतर माझी शाळा सुटली ती ह्या कळशीमुळे. सतरा वर्षांची होईपर्यंत माझ्या टाळूवरचे केस चुंबळीने घासून विरळ झाले होते. शेजारची काकी म्हणायची, "सोयरीक घेऊन येतील ते तोंड बघणार नाहीत, पारू, टाळू बघतील." सगळ्या हसायच्या. मी घरी येऊन खोबरेल चोळायची. हे मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढे जे झालं ते ह्या टाळूशिवाय समजणार नाही.

झरीचं पाणी येतं कुठून, हे वाड्यात एकट्या माझ्या आईला ठाऊक होतं. ती पेडण्याची, हळर्णची. कमी बोलायची आणि बघायची जास्त. आमच्या घराच्या वर, डोंगरमाथ्यावर, देवीची राय होती. किंदळीची आणि सातवीणीची जुनी झाडं, वेली, आत काळोख. लाकूड तोडायचं नाही, पान काढायचं नाही, असा नेम. रायच्या मधोमध एक खोलगट जागा होती. पावसात तिथे चारी बाजूंनी पाणी यायचं आणि जमिनीत जिरून जायचं. कधी डबकं साचलं नाही. एका वर्षी सड्यावर नाचणीची मळणी चालू असताना अवेळी पाऊस आला आणि सगळं भूस वाहून त्या खोलगटात गेलं. दुसऱ्या दिवशी आई दोणीवर गेली तर पाण्यावर नाचणीचं भूस तरंगत होतं. ती भिजलेलं भूस मुठीत घेऊन घरी आली आणि बाबांपुढे मूठ उघडली. बाबा म्हणाले, "वाऱ्यान इलां आसतला." आईने मूठ मिटली आणि भूस परसात टाकलं.

माझे बाबा आमच्या सातेरीच्या देवळात गाऱ्हाणं घालायचे. सातेरी म्हणजे रोयण, मातीचं वारूळ. तिच्यापुढे उभं राहून सगळ्या गावाच्या वतीने बोलायचं आणि मागे उभ्या लोकांनी दर ओळीला "व्हय म्हाराजा" म्हणायचं. आजोबांनी बाबांना ते तोंडी शिकवलेलं. त्यात गावच्या जाग्यांच्या बारा-तेरा राखणदारांना एकेक करून हाक असे. "वयल्या तोंडाच्या राखणदारा, मदल्या पोटाच्या राखणदारा, सकयल्या पायांच्या राखणदारा, एक होवन ह्या लेकरांची राखण कर." एक जरी नाव चुकलं तर पहिल्यापासून म्हणायचं. बाबांचं कधी चुकलं नाही. वयलं तोंड म्हणजे रायतली ती खोलगट जागा, मधलं पोट म्हणजे झर, खालचे पाय म्हणजे नदीचा बांध. ही तीन नावं वाड्यात सगळ्यांना ठाऊक होती. पण तोंडाने प्यालेलं पोटात जातं, एवढा साधा विचार त्या नावांवरून कोणी केला नव्हता. भूस बघितल्यापासून आई करायला लागली होती. "तुझो बापूस रोज म्हणता, ता आपणच आयकना," असं ती मला एकदा भात कांडताना म्हणाली.

गोवा तेव्हा राज्य नव्हतं, दिल्लीच्या हाताखाली होतं आणि इथली भाषा मराठी की कोंकणी ह्यावरून घराघरात ताटं वाजत होती. आमच्या शाळेचे मास्तर मराठीवाले. त्यांना वाटलं, बाबांचं गाऱ्हाणं लिहून काढावं, म्हणजे आमच्या पूर्वजांची भाषा मराठी होती ह्याला पुरावा होईल. त्याच सुमारास म्हापशाहून कॉलेजात शिकणारा एक तरुण सायकलवरून यायला लागला. तो कोंकणीवाला. त्यालाही तेच गाऱ्हाणं पाहिजे होतं, त्याच कारणासाठी. एका रविवारी दोघे एकाच वेळी आमच्या ओसरीवर आले. मधे मेज, मेजावर दोन वह्या. बाबा पान चघळत सांगत होते आणि दोघे लिहीत होते.

"'एक होऊन'! हे शुद्ध मराठी," मास्तर म्हणाले.

"तो 'होवन' म्हणाला मास्तर, तुम्ही 'होऊन' लिहिलंत. घरची भाकरी खाऊन कान तरी घरचे वापरा."

"कान धरायचे दिवस गेले म्हणून, नाहीतर तुमचे धरून शिकवलं असतं."

"तुम्ही शिकवलेली पोरं घरी गेल्यावर काय बोलतात ते ऐका एकदा."

बाबांना मजा वाटत होती. दोन शिकलेली माणसं आपल्या तोंडाकडे बघत बसली आहेत, असं त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदा घडत होतं. "मी देवीकडे बोलतंय," ते म्हणाले, "तिका दोनय कळतत." मग ते परत राखणदारांच्या नावांकडे वळले आणि दोघांनी पेन्सिली खाली ठेवल्या. नावावरून भाषा ठरत नाही, असं मास्तर म्हणाले, आणि आश्चर्य म्हणजे तो तरुणही हो म्हणाला. त्या दिवशी त्यांचं एकमत झालं ते तेवढ्यावर. मास्तरांनी वहीत लिहिलं, 'पुढे जाग्यांची नावे.' आई चहा घेऊन आली होती. ती कप ठेवून म्हणाली, "नावां लिवा. ती पाण्याची असत." मास्तर हसून म्हणाले, "वहिनी, पाण्याचा विषय वेगळा." नंतर कप तिने आवाज करत धुतले.

त्यानंतर दोनेक महिन्यांनी मुकादम आला. दाजी मुकादम, सावंतवाडीकडचा, खाणीवर माणसं आणि टिपर बघायचा. वाईट माणूस होता असं लिहिलं तर ही गोष्ट सोपी होईल, पण तो वाईट नव्हता. बाहेर वहाणा काढायचा, आईला वहिनी म्हणायचा. खाणीची माती, म्हणजे खनिज काढल्यावर उरते ती, टाकायला त्यांना जागा पाहिजे होती आणि रायतलं ते खोलगट त्यांना सोयीचं होतं. जमिनीचा कागद खाणवाल्यांकडे होता. कसा होता ते मला तेव्हाही कळलं नाही, आताही कळत नाही. तरीही तो विचारायला आला. "मी देवाधर्माचो माणूस," म्हणाला, "प्रसाद घ्या. देवी नको म्हणाली तर एक टोपली माती टाकणार नाही." आणि तो तसा वागला असता, ह्याची मला आजही खात्री आहे.

मी तेव्हा कळशी घेऊन चढण चढून आले. घामाने निथळत. त्याने माझ्याकडे बघितलं आणि बाबांना म्हणाला, "काम झालां तर वाड्यात नळ येतलो. तुमच्या दारात. ह्या चेडवाक परत झरीर जावचा पडूचा नाय."

नळ मी डिचोलीच्या बाजारात पाहिला होता. पितळी तोंड फिरवलं की पाणी. त्या दिवसापासून माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं.

प्रसादाचा दिवस ठरला. देवीला फुलाचे ओले कळे चिकटवायचे, प्रश्न विचारायचा आणि बघत राहायचं. उजवा कळा पडला तर होकार, डावा पडला तर नकार. प्रश्न कसा घालायचा ह्यावर आदल्या संध्याकाळी ओसरीवर पुरुषांची बैठक झाली. मुकादमानेच वाट दाखवली. "सातेरी म्हणजे माती. मातीवर माती घातली तर तिका राग कित्याक येतलो? तरीपण विचारून घ्या, राग येतलो काय." सगळ्यांना पटलं. मातीच्या देवीला मातीबद्दल विचारायचं, ह्यापेक्षा सरळ काय असणार?

पुरुष गेल्यावर आई बाबांपुढे येऊन उभी राहिली.

"राग येतलो काय ता विचारू नकात. राग येवन काय जातला? पाणी रवतला काय ता विचारा."

"देवीकडे कसा बोलूचा ता तू माका शिकयतलंय?"

"शिकवक नाय. सांगतंय. वयल्या तोंडात माती घातल्यार पोटाक काय मेळतला?"

"तुझा भूस अजून डोक्यातसून जाईना!" बाबा हसले आणि तंबाखूची पिशवी शोधायला लागले. "एका देवीक दोन प्रश्न घालूचे नसतत. उलटतत."

आई उद्या देवळात येऊ शकत नव्हती. त्या चार दिवसांत होती. प्रसाद दोन दिवस पुढे ढकलता आला असता, पण असलं कारण घेऊन पुरुषांच्या बैठकीत कोण जाणार? तिने मला मागच्या दारी बोलावलं आणि न शिवता जवळ येऊन म्हणाली, "तू फुडे उबी रव. तो पाण्याचा विचारूक चुकलो तर हाक मार. बाबा, पाण्याचा विचारा, इतकाच. तुझ्या हाकेक गुरां डोंगरावयल्यान येतत, देवीय आयकतली." मी हो म्हटलं.

सकाळी देऊळ भरलेलं होतं. बायका मागे असतात, पण मी वाट काढत खांबापर्यंत गेले. बाबांपासून आठ-दहा हातांवर. त्यांनी गाऱ्हाणं सुरू केलं, गावाचं नाव घेतलं, मग राखणदार. "वयल्या तोंडाच्या राखणदारा." "व्हय म्हाराजा." "मदल्या पोटाच्या राखणदारा." "व्हय म्हाराजा." आणि त्याच दमात प्रश्न: वयल्या जाग्यार माती घाल्यार तुका राग येवचो नाय, तर उजवो दी. ज्याला आत्ताच राखणदार म्हणून हाक मारली, त्याच्याच तोंडात माती घालू का, असं ते विचारत होते, आणि भरल्या देवळात कोणाच्या कपाळाला आठी नव्हती. मला मात्र ऐकू आलं. दोन्ही वाक्यं शेजारी शेजारी, स्पष्ट.

कळा लगेच पडत नाही. वेळ घेतो. सगळे श्वास धरून असतात. ती वेळ माझी होती. मला कोणी अडवलं नव्हतं, माझा घसा बसला नव्हता, मी घाबरलेही नव्हते. नंतर मी बायकांना सांगत असे की भीतीने आवाज फुटला नाही. खोटं आहे ते. मी उभी राहून पितळी नळाचा विचार करत होते. दारात नळ, हातात बालदी, डोक्यावर केस. झर गेली तर गेली, असं मी मनात म्हटलं. ह्याच शब्दांत.

उजवा कळा पडला. ढोल वाजला. मुकादमाने नारळ फोडला आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

घरी आले तर आई मागच्या दारी भिंतीला टेकून बसली होती. त्या दिवसांत ती स्वयंपाकाला शिवत नसे, काकी येऊन पेज करून गेली होती. "विचारलां?" "नाय." "हाक मारलंस?" "नाय." तिने मला वाढून घे म्हणून सांगितलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी दोन वेळा वाढून घेतली, भूक लागली होती.

टिपर आठवड्याभरात यायला लागले. रायची झाडं आधी पाडली. बाबा बघायला गेले नाहीत. पावसाळ्यात टाकलेली माती उतरली आणि कुळागरातून शेतापर्यंत लाल रेंदा पसरला. भाताची रोपं त्यात गळ्यापर्यंत उभी. सुरुवातीला लोक म्हणाले, नवी माती आहे, खत होईल. ऊन पडल्यावर ती कौलासारखी कडक झाली आणि नांगराचा फाळ तिच्यावर वाजायला लागला. दोणीतलं पाणी एक वर्ष लाल आलं, मग निवळलं, पण बारीक झालं. मनगटाची करंगळी झाली.

नळ आला. मुकादम शब्दाचा पक्का होता. घरावर टाकी बांधली, दारात पितळी तोंड बसवलं. मी कळशी खुंटीला टांगली. माझं लग्न त्या वर्षी ठरलं नाही, म्हणून त्या नळाचं सुख मी दोन उन्हाळे पुरतं भोगलं आणि ते सुखच होतं, उगाच नाही कशाला म्हणू? पण टाकीत पाणी यायचं ते पंपाने आमच्याच झरीतून. दुसरं कुठून येणार होतं? हे मला पाइप टाकताना दिसत होतं. तिसऱ्या उन्हाळ्यात नळाने दोन दिवस फुसफुस केली आणि थांबला. मी आईच्या मागोमाग झरीवर गेले. फट कोरडी होती. दोणीत पंपाची नळी पडलेली आणि तिच्याभोवती दोन बेडूक, मेलेले. पहिल्यांदाच तिथे आवाज नव्हता. आईने फटीत हात घातला, बाहेर काढला, लुगड्याला पुसायचं काही नव्हतं तरी पुसला.

"आता मार हाक," ती म्हणाली.

त्या वर्षी वायंगण झाली नाही. पुढे कधीच झाली नाही. सुपारी एकेक करून वरून वाळत गेली. माझा थोरला भाऊ टिपरवर लागला, वाड्यातले आणखी चार जण लागले, आणि पुढे खाण बंद पडली तेव्हा ते घरी बसले, नांगरायला शेत नसलेले शेतकरी. नदीचं पाणी खारं, ते पिता येत नाही. टँकर यायचा. बायका त्याच्यापुढे भांडायच्या. ज्या कधी एकमेकींना कळशी उचलून देत होत्या, त्याच.

बाबा देवीवर रागावतील असं मला वाटलं होतं. एकदाच बोलले. "देवी खोटी बोलूक नाय. आमी राग विचारलो, तिना रागाचा सांगल्यान. पाण्याचा आमी विचारलाच नाय." आईचं नाव त्यांनी त्यातही घेतलं नाही. मरेपर्यंत ते गाऱ्हाणं घालत राहिले, पाडलेल्या रायच्या आणि आटलेल्या झरीच्या राखणदारांना रोज हाका मारत, एकही नाव न चुकता. लोक व्हय म्हाराजा म्हणत राहिले. बाबा गेले तेव्हा ती नावं गेली. माझ्या लक्षात तीन आहेत, वर लिहिली ती. बाकीची नऊ-दहा होती, नदीपर्यंत. कोणत्या वळणावर कोणतं पाणी, ते सगळं त्यांत असणार. मास्तरांची वही कुठेतरी असेल. त्यात क्रियापदं शिल्लक आहेत. पुढे राज्य झालं, भाषेचं काय ते कागदावर ठरलं आणि दोन्ही बाजूंनी फटाके वाजले. मी तेव्हा लग्न होऊन सर्वणला होते. वाद हरलेले आणि जिंकलेले, दोघेही टँकरचंच पाणी पीत होते.

भावाची नात कॉलेजात शिकवते. मागच्या मे महिन्यात ती माझ्याकडे आली. मे म्हणजे आता काय ते सांगायला नको, भिंतींना हात लावता येत नाही आणि पाऊस कधी येईल, येईल तेव्हा काय घेऊन जाईल, ह्याचा भरवसा नाही. ती म्हणाली, ती मानव्यविद्येच्या बाजूने हवामानाचा अभ्यास करते. त्या शब्दाचा अर्थ मी दोनदा विचारला. "आजी, पाणी का आटलं ते भूगर्भवाले सांगतात," ती म्हणाली. "त्यांनी सांगून झालंय. माझा प्रश्न वेगळा आहे. माणसांना दिसत होतं, तर ती गप्प का बसली?"

पन्नास वर्षांत हे मला कोणी विचारलं नव्हतं. मी तिला सगळं सांगितलं, टाळूसकट. ती लिहीत होती, मग लिहायची थांबली.

"पण तुम्हाला फसवलं होतं ना, आजी? अडाणी ठेवलं होतं."

"नाही गं. आम्हाला विचारलं होतं. माझ्या आईकडे बरोबर प्रश्न होता आणि तो माझ्या तोंडात दिला होता. मला दारात नळ पाहिजे होता."

"तू सतरा वर्षांची होतीस."

"तू आता किती?"

"एकतीस."

"तुझ्या खोलीत थंड हवेचं यंत्र आहे?"

तिने मान हलवली. हो म्हणून.

"मग ह्याला तुझ्या पुस्तकात काही औषध आहे? ज्याला कळतं, तो हाक का मारत नाही, ह्याला?"

तिने वही मिटली. कळून घेणं हेच काम आहे, असं काहीतरी पुटपुटली. मला ते पटलं नाही. कळून माझं काय झालं होतं? पण चांगली मुलगी आहे, उलट बोलली नाही. निघताना तिने बघितलं की आमच्याकडे त्या दिवशी नळाला पाणी आलं नव्हतं. गाडीतून तिने विकतच्या पाण्याच्या सहा बाटल्या काढल्या, थंडगार, प्लास्टिकवर दव धरलेलं, आणि पायरीवर ठेवल्या. ह्या बाटल्यांचं काय होतं, पाणी कुठल्या गावातून उपसतात, ते तिनेच मला तासाभरापूर्वी समजावून सांगितलं होतं. आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलं. मी नको म्हणाले नाही, तिने परत उचलल्या नाहीत. मी एकेक करून आत नेल्या.